पार्श्वभूमी : आरसी विमानाचा पंख आणि त्यावरची पायरी

सनबोर्ड किंवा डेप्रॉन या फोमच्या शीटचं, रेडिओने चालणारं (आरसी) विमान बांधणारा माणूस पहिली दोन-चार उड्डाणं नीट झाली की हमखास पंखाला हात लावतो. कुणी पंख कापून लहान करतो, कुणी दोन्ही बाजूंचा टोकाकडे जाणारा चढ (डायहेड्रल) काढून एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या बसवतो, कुणी पुढच्या अर्ध्या भागावर आणखी एक शीट चिकटवतो, आणि तिची मागची कड हीच ती पायरी. यातला प्रत्येक फेरफार कधी तरी कुणी तरी काही अडचणीपोटी केलेला आहे, आणि ती अडचण बहुतेक वेळा रेडिओची किंवा साहित्याची होती. चर्चा मात्र होते ती हवेच्या प्रवाहाची.

फार मागे जायचं तर १८७१ मध्ये पॅरिसच्या एका बागेत रबराच्या पिळावर ११ सेकंद उडालेल्या छोट्या मॉडेलपर्यंत जावं लागेल. त्याच्या पंखांची टोकं वर वळवलेली होती, म्हणजे डायहेड्रलची युक्ती तेव्हाच सापडली होती. पुढे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बाल्सा आलं आणि बांबू-पाइनच्या काड्या मागे पडल्या. १९२२ चा क्लार्क-वाय हा छेद, म्हणजे पंख कापल्यावर बाजूने दिसणारा आकार, मॉडेलवाल्यांनी उचलला, त्याचं कारणही साधं होतं. त्याचा खालचा भाग कॉर्डच्या (पंखाच्या पुढून मागच्या रुंदीच्या) ३० टक्क्यांपासून मागे सपाट आहे, त्यामुळे पाटावर नकाशा पसरून त्यावरच रिब, म्हणजे छेदाच्या आकाराच्या फासळ्या, उभ्या करता येतात. १९२७ मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडलेल्या विमानालाही हाच छेद होता, हे कौतुकाने सांगितलं जातं. पण त्या विमानाच्या पंखावरची हवा आणि आपल्या १८ सेंटिमीटरच्या कॉर्डवरची हवा एकसारखी वागत नाही. ताशी ३६ किलोमीटर वेगाला आपल्या पंखाचा रेनॉल्ड्स अंक (वेग आणि कॉर्ड यांवरून प्रवाह कसा वागेल ते सांगणारा आकडा) सव्वा लाखाच्या आसपास असतो. माणूस बसणाऱ्या छोट्या विमानाचा पन्नास लाखांच्या घरात जातो. इतक्या खालच्या अंकाला जाड, गुळगुळीत पंखावरचा प्रवाह लवकर सुटतो आणि पातळ, बाकदार पंख बरा ठरतो, हे जर्मनीतल्या प्रयोगांतून १९४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसलं होतं. छंदवाल्यांपर्यंत ते पोचायला बराच काळ गेला.

रेडिओने पंख कसा बदलला ते जास्त महत्त्वाचं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत सामान्य माणसाला परवडणारा सेट एकाच चॅनलचा असे. ट्रान्समीटरवर एक बटण, विमानात रबराच्या पिळावर चालणारं एस्केपमेंट, म्हणजे बटणागणिक एक टप्पा सोडणारी कळ, आणि हलणारी एकच गोष्ट, ती म्हणजे रडर, शेपटीवरचं उभं सुकाणू. बटण एकदा दाबलं की उजवीकडे, दोनदा दाबलं की डावीकडे. रडरने नाक वळतं, पण विमान कलायला हवं तर पंखाला चढ लागतो आणि वळण संपल्यावर विमानाने आपणहून सरळही व्हावं लागतं. म्हणून त्या काळच्या विमानांचे पंख वर बसवलेले, मोठ्या डायहेड्रलचे आणि सपाट पोटाचे. १९६० च्या दशकात प्रपोर्शनल सेट रुळले, स्टिक जितकी हलवावी तितकाच सर्व्हो (सुकाणू हलवणारी छोटी मोटर) हलू लागला. मग एलेरॉन आले, चढ उतरला, आणि कसरतीच्या विमानांना वर-खाली सारखाच फुगवटा असलेले छेद आले. आज कुणी तीन चॅनलच्या विमानाला एलेरॉन लावताना दर बाजूचा पाच-सहा अंशांचा चढ एक-दोन अंशांवर आणतो, तेव्हा तो हाच प्रवास एका संध्याकाळी उरकत असतो.

पंख कापण्याचा मोह तेवढाच जुना आहे. १०० सेंटिमीटर लांब आणि १८ रुंद पंखाचं क्षेत्रफळ १८ चौरस डेसिमीटर. विमान ५४० ग्रॅमचं असेल तर दर चौरस डेसिमीटरवर ३० ग्रॅम भार येतो. २० सेंटिमीटर छाटले की तो साडेसदतीसवर जातो आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख उचल सोडतो तो वेग, सुमारे १२ टक्के वाढतो. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो, पण उतरताना वाटत नाही.

साहित्याची दुसरी क्रांती फोमची. तापलेल्या नायक्रोमच्या तारेने थर्मोकोल कापून त्यावर पातळ लाकूड चढवायची पद्धत परदेशी मॉडेलवाल्यांत १९६० च्या दशकापासून आहे. तीच तार आपल्याकडे मखरवाल्यांच्या हातात होती, आणि २०१८ च्या राज्यव्यापी बंदीपर्यंत गणपतीच्या आधी गल्लोगल्ली चालत होती. तरी आपल्याकडे घरगुती बांधणी फोफावली ती लिथियम-पॉलिमर बॅटरी, ब्रशलेस मोटर, नऊ ग्रॅमचा सर्व्हो आणि २.४ गिगाहर्ट्झचे सेट स्वस्त झाल्यावर. सपाट शीट कापायची आणि ग्लू गनने जोडायची. रिब नाहीत, स्पार (पंखाचा लांब कणा) नाही, छेद म्हणावा असाही नाही. आजचा सगळा वाद या सपाट शीटपाशी सुरू होतो.

१९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जाहिरात व्यवसायातल्या एका गृहस्थाने मुलासाठी कागदी विमानं करता करता पंखाच्या खालच्या बाजूला घडीची पायरी ठेवली. विमान वाऱ्यातही स्थिर राहिलं. वैमानिक असलेल्या मित्राबरोबर त्याने १९७२ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळवलं, आणि दोघांच्या आडनावांवरून (क्लाइन आणि फोगलमन) या छेदाला केएफ म्हणू लागले. दावा असा होता की पायरीमागे भोवरा अडकतो, हवा त्याच्यावरून वाहते आणि पंख सहजी स्टॉल होत नाही. १९७४ मध्ये हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी याचा उपयोग होईल का, हे सरकारी पैशाने वाऱ्याच्या बोगद्यात तपासलं गेलं. उचल आणि अवरोध यांचं गुणोत्तर साध्या सपाट फळीपेक्षाही कमी निघालं आणि विषय तिथे थंडावला. २००० नंतरच्या दशकात फोमवाल्यांनी तो पुन्हा उकरला. पायरी खाली असेल तर एक, वर असेल तर दोन, वर दोन पायऱ्या तर तीन, दोन्हीकडे तर चार, असे क्रमांकही पडले.

तेव्हापासून एक गट बोगद्यातले आकडे दाखवतो आणि दुसरा आपलं उडणारं विमान. बोगद्यातली चाचणी पात्यांसाठी होती, चारशे ग्रॅमच्या विमानासाठी नव्हती, हा दुसऱ्या गटाचा आक्षेप रास्त आहे. पण त्यांचा स्वतःचा पुरावा त्याहून कच्चा आहे. सपाट शीटवर पुढच्या अर्ध्या कॉर्डची दुसरी शीट चिकटवली की एकदम चार गोष्टी बदलतात : जाडी, गोल घासलेली पुढची कड, ताठपणा आणि वजन. दुप्पट जाडीचा तो पट्टा वाकायला जवळपास आठपट ताठ होतो. पंख वेगात फडफडत नाही, पीळ खात नाही आणि एलेरॉन बरोबर काम करतात. वरच्या शीटमुळे पंखाचं वजन निम्म्याने वाढतं, पण ते वाढीव वजन मध्यतः २५ टक्के कॉर्डवर, म्हणजे बहुधा समतोलबिंदूवरच पडतं, त्यामुळे नाकात शिसं वाढवावं लागत नाही. विमान सुधारलं यात शंका नाही. श्रेय भोवऱ्याला द्यायची घाई कशाला? हाच पंख सनबोर्ड दुमडून केलेल्या बाकदार पंखाशेजारी तोलावा. मोटर बंद करून तरंगण्यात माझ्या मते दुमडलेला पंख पुढे जातो, आणि ही तुलना क्वचितच कुणी करतं.

यातला एक दावा मात्र निव्वळ घातक आहे : पायरी असली की समतोलबिंदू कॉर्डच्या ४० टक्क्यांपर्यंत मागे नेता येतो. तो किती मागे जाऊ शकतो हे शेपटीचं क्षेत्रफळ आणि तिचं अंतर ठरवतं. शेपटी मोठी असेल तर बिनपायरीचं विमानही मागचा समतोल सोसतं. शेपटीविना सरळ पंखाचं विमान २५ टक्क्यांच्या मागे तोललं की हातात राहत नाही, मग पायऱ्या कितीही असोत.

अलीकडे फुगणाऱ्या हलक्या फिलामेंटमुळे (प्रिंटरच्या प्लास्टिकच्या तारेमुळे) घरच्या थ्रीडी प्रिंटरवर पंख छापता येतात. तिथे बाकदार छेद छापायला पायरीइतकेच कष्ट पडतात, आणि छापणारे बहुतेक जण बाकदारच निवडतात. शीटवाले पायरी सोडायला तयार नाहीत. एक कटर, एक ग्लू स्टिक आणि रात्रीच्या जेवणानंतरचा वेळ एवढ्यात पंख ताठ करून देणारा दुसरा फेरफार त्यांच्याकडे नाही.