१ लाख अश्वशक्ती, वेग १५ नॉट

विनाशिका (डिस्ट्रॉयर) ही युद्धनौका म्हटलं की पाणी कापत सुसाट निघालेलं जहाज डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात तिचं बहुतेक आयुष्य रमतगमत जातं. गस्त, टेहळणी, ताफ्याला सोबत करणं, या कामांना १५ नॉटच्या, म्हणजे तासाला सुमारे २८ किलोमीटरच्या, आसपासचा वेग पुरतो. ३० नॉटने धावायची वेळ क्वचितच येते, पण आली तर ‘जमत नाही’ म्हणून चालत नाही. म्हणून इंजिनं त्या मोजक्या तासांच्या मापाने बसवलेली असतात आणि इंधनाची उधळपट्टी होते ती उरलेल्या तासांत.

हिशेबच करून पाहू. अमेरिकेच्या आर्ली बर्क वर्गातल्या विनाशिकेत चार गॅस टर्बाइन असतात, एकूण ताकद सुमारे १ लाख अश्वशक्ती. पाण्यातून जहाज रेटायला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला की शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. ३० नॉटला १ लाख अश्वशक्ती लागत असेल, तर १५ नॉटला साडेबारा हजार पुरे. एकट्या टर्बाइनची ताकद २५ हजारांची, म्हणजे तेही अर्ध्या भारावरच चालणार. इथे गॅस टर्बाइनची खोड आडवी येते. पूर्ण भाराला ते इंधनातली ३७ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कामाला लावतं, पण भार उतरला की आतला दाब आणि तापमानही उतरतं आणि कार्यक्षमता घसरत जाते. घनाच्या नियमाने पदरात टाकलेली बचत टर्बाइन थोडीफार काढून घेतं.

यावर जहाजावरच्या मंडळींचा उपाय साधा आहे. तीन टर्बाइन बंद ठेवायची, प्रॉपेलर फिरवणाऱ्या दोन दांड्यांपैकी (शाफ्ट) एकीवरच जहाज चालवायचं आणि दुसऱ्या बाजूचा प्रॉपेलर पाण्याच्या ओघात नुसता फिरू द्यायचा. तो फिरता प्रॉपेलर पाण्यात ओढ निर्माण करतो. जोर एकाच बाजूने लागत असल्याने जहाज सरळ ठेवायला सुकाणू जरा वळवून धरावं लागतं, त्याचीही ओढ होते. एवढं सोसूनही हा सौदा फायद्याचा ठरतो, यावरून अर्धवट भाराची टर्बाइनं किती खादाड असतात ते कळावं.

याहून नीटनेटका मार्ग म्हणजे संथ वेगासाठी वेगळी विजेची मोटर. अमेरिकेच्या ‘मेकिन आयलंड’ या मोठ्या जहाजावर दोन गॅस टर्बाइन आहेत आणि सोबत ५ हजार अश्वशक्तीच्या दोन मोटरी. वेग सुमारे १२ नॉटच्या आत असेल तर टर्बाइन बंद, मोटरी चालू. २००९ मध्ये हे जहाज मिसिसिपीतून दक्षिण अमेरिकेला वळसा घालून सॅन डिएगोला गेलं. या पहिल्याच सफरीत २० लाख डॉलरहून अधिक किमतीचं इंधन वाचल्याचं नौदलाने सांगितलं. विनाशिकांवर मात्र ही युक्ती रुजली नाही. ‘ट्रक्सटन’ या आर्ली बर्क वर्गातल्या विनाशिकेवर अशी मोटर बसवली आणि पुढे तो कार्यक्रमच गुंडाळला. मोटरीला लागणारी वीज जहाजाच्या जनरेटरांतूनच यायची आणि रडारसारखी यंत्रणाही त्याच जनरेटरांवर चालते. मोठी वीजनिर्मिती आराखड्यातच असावी लागते. मागाहून जोडलेली मोटर उपरीच राहते.

जहाज बंदरात उभं असतानाही इंधनाचा प्रश्न वाढत असतो, अगदी शब्दशः. पाण्याखालच्या भागावर आधी बोटाला बुळबुळीत लागणारा थर धरतो. मग बार्नेकल या कवचधारी समुद्री जिवाची इवली पिल्लं चिकटतात आणि स्वतःभोवती चुन्याचं घर बांधून कायमची ठाण मांडतात. धावत्या जहाजावर त्यांना पाय रोवणं कठीण. उभ्या जहाजावर निवांत. युद्धनौका बंदरात बराच काळ उभ्या असतात, त्यामुळे त्यांना हा त्रास अधिक. अमेरिकी नौदल अकादमीतले मायकेल शुल्ट्झ यांनी २००७ मध्ये मांडलेल्या गणितानुसार, दाट कवचदार थर साचला तर नेहमीच्या वेगाला लागणारी शक्ती ८६ टक्क्यांपर्यंत वाढू शकते. २०११ च्या अभ्यासात आर्ली बर्क वर्गासाठी या थराची किंमत वर्षाला ५.६ कोटी डॉलर निघाली. त्यातला मोठा वाटा जादा इंधनाचा. घासण्या-रंगवण्याचा खर्च त्यापुढे किरकोळ. पाणबुड्याने वेळच्या वेळी ब्रश फिरवणं हा उपाय कुणाला रोमांचक वाटणार नाही, पण माझं मत त्यालाच.

नौदलाच्या विमानांच्या बाबतीत बातमी होते ती जैवइंधनाची. एप्रिल २०१० मध्ये एफ/ए-१८ लढाऊ विमान कॅमेलिना या तेलबियांच्या तेलापासून बनवलेलं निम्मं इंधन मिसळून उडालं आणि खूप गाजलं. ते ठीकच, पण त्यात इंधन बदललं. जळणारे लिटर जवळपास तेवढेच राहिले. लिटर वाचतात ते वेगळ्याच ठिकाणी.

विमानवाहू जहाजावर उतरताना विमानाचा हुक डेकवरच्या तारेत अडकावा लागतो. हुकला, तर विमान पूर्ण जोर लावून पुन्हा उडतं, गिरकी घेऊन परत येतं. टाकी रिकामी होत आली तर काय, या धास्तीने इंधन पाजणारं एक विमान वर घिरट्या घालत ठेवतात. बहुतेकदा तेही लढाऊच असतं आणि घिरट्या घालताना स्वतःही इंधन जाळत असतं. म्हणजे चार हुकलेल्या प्रयत्नांच्या भीतीपोटी दररोज एक विमान नुसतं फिरत राहायचं.

उत्तर सॉफ्टवेअरमधून आलं. पूर्वी उतरण्याच्या शेवटच्या काही सेकंदांत वैमानिक थ्रॉटल (इंजिनाचा जोर ठरवणारा दांडा) आणि स्टिक (दिशा सांभाळणारा दांडा) यांच्या शेकडो बारीक दुरुस्त्या करायचा. २०१५ मध्ये ‘जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश’ जहाजावर तपासलेल्या ‘मॅजिक कार्पेट’ या प्रणालीत पंखांवरचे फ्लॅप, म्हणजे हलत्या पट्ट्या, संगणक सांभाळतो आणि वैमानिकाच्या वाट्याला मोजक्याच दुरुस्त्या उरतात. हुक चुकणं कमी झालं, की वर ताटकळणाऱ्या विमानांची गरजही घटते. उरलेलं इंधन पाजण्याचं काम ‘एमक्यू-२५’ या वैमानिकरहित विमानाकडे सोपवायचं ठरलं आहे, म्हणजे लढाऊ विमानं त्यातून मोकळी होतील.