खांद्यावरचा ३९

२०१६ साली उत्तर फ्रान्समधल्या रिशबूर गावाजवळ खोदकामात पहिल्या महायुद्धातल्या दोन सैनिकांचे अवशेष सापडले. शंभर वर्षं मातीत पडलेल्या हाडांवरून ते कोण, हे सांगता येत नव्हतं. पण गणवेशाच्या खांद्यावरची धातूची खूण शाबूत होती आणि तिच्यावर ३९ हा आकडा होता. तेवढ्यावरून ते ३९ व्या गढवाल रायफल्सचे जवान ठरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये जवळच्याच लावाँतीच्या युद्ध-दफनभूमीत त्यांचं लष्करी इतमामात दफन झालं. ही बातमी वाचल्यापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे: नाव गेलं आणि आकडा मात्र उरला, असं का व्हावं?

उत्तर पदार्थात आहे. ब्रिटिश लष्करानं १९१४ मध्ये सैनिकाच्या गळ्यातली अॅल्युमिनियमची ओळख-चकती बदलून दाबलेल्या तंतूंची चकती आणली. अशी चकती म्हणजे जवळजवळ पुठ्ठाच, ओल्या मातीत ती कुजते. खांद्यावरचे आकडे-अक्षरं मात्र बहुधा पितळेची असत. पितळ मातीत टिकतं आणि डिटेक्टरला त्याची चाहूलही चटकन लागते. यातली दुसरी गोष्ट मला फार आवडते, म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

मेटल डिटेक्टरच्या थाळीत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. नेहमीच्या यंत्रांत त्यातून सेकंदाला साधारण पाच ते वीस हजार आवर्तनं करणारा प्रवाह सोडतात. त्यामुळे खालच्या जमिनीत चुंबकीय क्षेत्र त्याच वेगानं कमीजास्त होतं. तिथे धातूचा तुकडा असला, तर शाळेत शिकलेल्या फॅरडेच्या नियमानुसार त्याच्या अंगातच विजेचे भोवरे उठतात. हे भोवरे स्वतःचं इवलंसं चुंबकीय क्षेत्र तयार करतात आणि थाळीतलं दुसरं वेटोळं ते पकडतं.

हा प्रतिसाद थोडा उशिरा येतो आणि त्या उशिरातच धातूची ओळख दडलेली असते. जात्याचं उदाहरण घ्या. जड, नीट बसवलेलं जातं हात काढला तरी थोडं फिरत राहतं. खुंट्यात वाळू अडकलेलं जातं जागीच थांबतं. विजेच्या भोवऱ्यात विद्युतरोध हे घर्षण आणि प्रेरकत्व, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध, हे जात्याचं वजन. चॉकलेटच्या पातळ चंदेरी वर्खात रोध जास्त, म्हणून तिथला भोवरा लगेच विरतो. जाड पितळेत तो रेंगाळतो. मोजमापात सांगायचं तर धातूत निर्माण होणारा विद्युतदाब मूळ क्षेत्राच्या पाव आवर्तन, म्हणजे ९० अंश, मागे असतो. प्रवाह त्याच्याही मागे पडतो, आणि किती मागे ते प्रेरकत्व गुणिले वारंवारता भागिले रोध या गुणोत्तरावर ठरतं. पातळ वर्ख ९० अंशांच्या आसपास राहतो, जाड तांबं-पितळ १८० कडे सरकतं. लोखंड स्वतःच चुंबकित होतं, त्यामुळे त्याचा प्रतिसाद मूळ क्षेत्राच्या पावलावर पाऊल टाकून येतो आणि वेगळा ओळखू येतो.

आकारही यात बोलतो. इंग्रजी अंकांत ३९ लिहून पाहा. ९ च्या डोक्यात बंद कडं आहे, ३ उघडा आहे. बंद कड्यात प्रवाहाला गोल फिरायला वाट मिळते, उघड्या वळणात नाही. म्हणून एकाच पितळेच्या, एकाच जाडीच्या सुट्या ९ चा आवाज ३ पेक्षा ठणठणीत येईल. तुटकी अंगठी सोन्याची असूनही यंत्राला पत्र्याच्या चिंधीसारखी वाटते ती यामुळेच. यंत्राच्या पडद्यावरचा आकडा धातूचं नाव सांगत नाही. रोध, आकार आणि जाडी यांचा एकत्र हिशोब सांगतो.

आता खोलीकडे. थाळीच्या रुंदीपेक्षा बऱ्याच जास्त खोलीवर जाणारं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होतं आणि परतताना पुन्हा तितकंच. अंतर दुप्पट झालं की संकेत चौसष्टावा भाग उरतो! म्हणून बटण-बिल्ल्यांची शिकार वीतभर मातीतच होते. ‘अर्ध्या किलोमीटरवरचं सोनं दाखवणारं यंत्र’ विकणारा आणि ‘पायाळू माणसाला गुप्तधन दिसतं’ म्हणणारा मांत्रिक, दोघं सारखेच खोटे. ही फसवणूक जीवघेणीही ठरते. एडीई ६५१ नावाचा ‘बॉम्बशोधक’ इराकच्या नाक्यांवर वापरला गेला. आत काम करणारं काहीच नव्हतं, फक्त बिजागरीवर हलणारी अँटेना. तो विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.

बिल्ला हाती आला की वाचन सुरू होतं. भारतीय पलटणींचे आकडे १९०३ मध्ये तेव्हाचा सरसेनापती किचनरनं एकाच मालिकेत बसवले. मुंबई फौजेच्या पायदळाच्या आकड्यांत शंभर मिळवले, मद्रासच्या आकड्यांत साठ. १० व्या बॉम्बे इन्फंट्रीची अशी ११० वी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १९२२ मध्ये पुन्हा फेररचना होऊन १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या पलटणी ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीत गेल्या. त्यामुळे ‘११०’ लिहिलेली मराठा पट्टी १९०३ ते १९२२ या एकोणीस वर्षांतलीच. इराकात पहिल्या महायुद्धातल्या कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी होत्या, तेव्हा तिथल्या मातीत आपले आकडे असणार. फ्रान्समध्येही आहेत: २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेलवरच्या हल्ल्यात खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांनी जबर हानी सोसली.

आकडा नसेल तर काळ ओळखायला बिल्ल्यावरचा मुकुट पाहावा. व्हिक्टोरिया राणीच्या मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या. १९०१ नंतरच्या राजांच्या मुकुटाच्या कमानी गोल फुगीर. १९५३ पासून एलिझाबेथ राणीच्या पुन्हा दबलेल्या. पहिल्या आणि तिसऱ्यात भले भले फसतात.

आणि कळकळीनं सांगतो, सापडलेला बिल्ला चिंचेनं घासू नका. आम्लानं हिरवा थर जातो, त्याबरोबर झिजलेल्या अक्षरांच्या कडाही जातात. शिवाय तांब्याचे क्षार जंतूंना मारक असल्यामुळे पितळेला चिकटलेली गणवेशाची लोकर कधी कधी तेवढ्याच जागी टिकून असते. बिल्ल्याची पाठ आधी भिंगाखाली बघा.

फ्रान्सच्या रणभूमीवर हौसेनं यंत्र घेऊन फिरणं तर नकोच. परवानगीशिवाय पुरावस्तूंचा असा शोध तिथे बेकायदा आहे. आपल्याकडेही १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त मोलाची पुरलेली वस्तू सापडली की कलेक्टरला कळवावी लागते, आणि संरक्षित किल्ल्यांवर तर खणायचंच नाही. फ्रान्समध्ये दुसरं कारण आहे. बिल्ल्यांसाठी हौशी लोक यंत्राला लोखंडाचा संकेत वगळायला सांगतात, पण न फुटलेले तोफगोळेही लोखंडाचेच असतात, आणि नांगराच्या फाळाला ते आजही लागतात.