मुलांची जपानी कुठे जाते?

टोकियोच्या निशि-कासाई भागात चार-पाच वर्षं काढून पुण्याला परतलेल्या आयटीवाल्या कुटुंबांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. ‘लहानपणी शिकलंय ना, आता ती भाषा कुठे जातेय!’ मूल तिथल्या पाळणाघरात वाढलेलं असतं, पहिली-दुसरीही तिथेच झालेली असते आणि आई-बाबांपेक्षा फाडफाड जपानी बोलत असतं. तेव्हा असं वाटणं साहजिक आहे, पण ते खरं नाही. लहान वयात भाषा पटकन येते आणि सराव थांबला की तितक्याच पटकन जाते. बारा वर्षांच्या आसपास पोचलेल्या मुलाची भाषा बऱ्यापैकी तग धरते. सहा-सात वर्षांचं मूल मात्र काही महिन्यांतच अडखळू लागतं.

याचं टोकाचं उदाहरण २००३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं. त्यांनी निवडलेली माणसं कोरियात जन्मलेली आणि तीन ते आठ वर्षांची असताना फ्रेंच कुटुंबांत दत्तक गेलेली होती. म्हणजे त्यांतली काही एकेकाळी कोरियन घडाघडा बोलत असणार. मोठेपणी त्यांना एफएमआरआय यंत्रात, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कामाला लागलाय ते टिपणाऱ्या यंत्रात, कोरियन वाक्यं ऐकवली, तेव्हा त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद कोरियन कधीच न शिकलेल्या फ्रेंच माणसांसारखाच निघाला. भाषा पुसली गेली, असंच कुणीही म्हणेल.

पुढे २०१४ मध्ये माँट्रियलहून नेमकी उलटी बातमी आली. चीनमधून साधारण वर्षाच्या असताना दत्तक आलेल्या आणि फक्त फ्रेंच बोलणाऱ्या मुलींना चिनी भाषेतले सूर, म्हणजे आवाजाचे चढउतार, ऐकवले. या मुलींना चिनी अजिबात येत नव्हती. तरी त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा तोच भाग जागा झाला, जो चिनी बोलणाऱ्या मुलींमध्ये होतो. ही दोन्ही निरीक्षणं एकत्र नांदू शकतात, कारण फ्रान्समध्ये अख्खी वाक्यं ऐकवली होती आणि माँट्रियलमध्ये निव्वळ ध्वनी. शब्द आणि व्याकरण आपण वरच्या थरात साठवतो असं मानलं, तर ध्वनी त्याच्या खूप खाली, पहिल्या वर्षातच बसतात. आपल्या ‘ट’ आणि ‘त’मधला फरक इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळालाही कळतो आणि वर्षाचं होईतो तो कळेनासा होतो, हे १९८४ पासून ठाऊक आहे. भारतातून अमेरिकेत दत्तक गेलेल्या मुलांनाही आधी हा फरक ओळखता येत नव्हता. पण थोडा सराव दिल्यावर ती अमेरिकेतच जन्मलेल्या मुलांच्या पुढे गेली. खूण शिल्लक होती, फक्त ती नव्याने शिकताना दिसली.

मग शब्दांचं काय होतं? मला या सगळ्या विषयात सर्वात जास्त ओढ आहे ती या प्रश्नाची, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पावसाळ्यात बाल्कनीतल्या कुंडीवर गोगलगाय येते. टोकियोहून येऊन वर्ष झालेल्या मुलीला तिचं जपानी नाव विचारा. ती ‘का... का...’ करते, कपाळाला आठ्या घालते आणि शेवटी ‘स्नेल’ म्हणते. आता ‘काता’ एवढी सुरुवात करून द्या, ‘कातात्सुमुरी!’ ताबडतोब बाहेर पडतं. शब्द डोक्यात होताच, पण वाट अडली होती. अडवणारा होता ‘स्नेल’. एकाच वस्तूची दोन-तीन भाषांतली नावं मेंदूत एकमेकांशी स्पर्धा करतात. एक नाव वारंवार बाहेर काढलं की उरलेली बाहेर काढणं अवघड होतं. म्हणजे भाषा फक्त वापर न झाल्याने मागे पडत नाही, तिच्या जागी दुसरी वापरल्यानेही पडते.

हे प्रयोगातही दिसलं आहे. नेदरलँड्समध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डच भाषकांना नवे स्पॅनिश शब्द शिकवले. मग त्यांतल्या काही वस्तूंची नावं काहींना डचमधून, काहींना इंग्रजीतून पुन्हा पुन्हा घ्यायला लावली. त्यानंतर नेमके त्याच वस्तूंचे स्पॅनिश शब्द उशिरा आठवले किंवा आठवलेच नाहीत. आणि इंग्रजीचा अडथळा मातृभाषा डचपेक्षा जास्त होता! प्रयोग मोठ्या माणसांवर होता, त्यामुळे तो मुलांना जसाच्या तसा लावता येणार नाही. पण त्यावरून माझं मत असं झालं आहे, की जपानी टिकावी म्हणून घरातली मराठी कमी करू नये. जपानीला खरी टक्कर बहुधा इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून मिळते.

स्पर्धेत मागे पडलेला शब्द पुढे आणायचा तर तो स्वतः ओढून काढावा लागतो. जपानी कार्टून लावून ठेवण्याने फार काही होत नाही, याचं कारण हेच. ऐकून समजणं म्हणजे ओळखणं. बोलणं म्हणजे आठवणं. अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी ऐकवण्याचा प्रयोग झाला होता. समोर बसलेल्या माणसाकडून बाळं चिनी ध्वनी शिकली, टीव्हीवरच्या त्याच माणसांकडून काहीच नाही. मोठी मुलं पडद्यावरून शब्द उचलतात हे खरं, पण पडदा त्यांच्या उत्तरासाठी थांबत नाही.

इथेच ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’वाल्यांबद्दल सांगायला हवं. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारे हे वर्ग स्मरणशक्ती आणि भाषा दोन्ही वाढवण्याची हमी देतात आणि हजारो रुपये घेतात. मध्यमेंदू डोळ्यांच्या हालचाली आणि आवाजाकडे मान वळवणं अशी कामं सांभाळतो. शब्दांचा साठा तिथे नसतो आणि पट्टीखालून वाचणं ही हातचलाखी आहे. ते पैसे जपानी गोष्टीच्या पुस्तकांवर खर्च करावेत.

आठवायला लावणारा सर्वात सोपा खेळ जपानी मुलांनीच तयार ठेवला आहे, तो म्हणजे शिरितोरि. आपल्या अंताक्षरीसारखाच, पण शब्दांचा: रिंगो, गोरिरा, राप्पा... ‘न्’ने संपणारा शब्द म्हटला की हरलात, कारण ‘न्’ने सुरू होणारा शब्द जपानीत नसतो. यात जपानीचा कणा असलेला मोरा आपोआप घोटला जातो. मोरा म्हणजे उच्चाराचा एक ठोका. ‘रिंगो’ मराठी कानाला दोन अक्षरं वाटतात, जपानी कानाला तीन ठोके: रि-न्-गो. टोकियोचे चार: तो-ओ-क्यो-ओ. ओबासान म्हणजे मावशी-आत्या, आणि मधला ‘बा’ एक ठोका लांबवला की झाली आजी. ‘किते’ म्हणजे ‘ये’, ‘कित्ते’ म्हणजे टपाल तिकीट, कारण जोडाक्षराआधीची ती क्षणभराची शांतताही एक ठोकाच आहे. परतलेलं मूल हे ठोके गिळू लागलंय का, याकडे पालकांनी कान द्यावा.

जपानी नागरिकांच्या मुलांना परदेशात पाठ्यपुस्तकं सरकार मोफत देतं आणि जगभरात दोनशेच्या वर होशूको, म्हणजे बहुधा शनिवारी भरणाऱ्या पूरक शाळा आहेत. पुण्यातल्या मराठी मुलाला त्या पुस्तकांचा हक्क नसतो. त्याला हवा असतो मराठी आणि इंग्रजी दोन्ही न येणारा एक मित्र. वर्गातली जुनी मैत्रीण टोकियोत असेल, तर आपल्या संध्याकाळच्या पाचला तिथे साडेआठ वाजलेले असतात. आठवड्यातून दोनदा कॉल जमतो. आई-बाबांशी मूल जपानीत बोलायला नकार देतं, कारण त्यांना मराठी येते हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

लिपीचंही तसंच आहे. तिथल्या शाळेत पहिलीत ८० आणि दुसरीत १६० कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी चिन्हं, शिकवतात, सहावीअखेर एकूण १,०२६ होतात. दुसरी करून आलेलं मूल त्या २४० चिन्हांपैकी बरीच वर्षभरानंतरही ओळखतं, पण कोऱ्या कागदावर लिहायला घेतलं की दहा-वीसवर अडतं. म्हणून नवी कांजी पाठ करून घेण्याआधी जुनी आठवून लिहायला लावावीत, चार ओळींची डायरी का असेना.

आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या प्रमाणपत्रावर विसंबू नये. ही परीक्षा एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्यांची आहे. तिच्यात प्रश्न पर्यायांचे असतात, बोलण्याची आणि लिहिण्याची परीक्षाच नसते. एन-४ काढलेलं मूल कातात्सुमुरीवर अडखळतंय का, हे तिच्यातून कळणार नाही.