खाद्यव्यवसाय आणि नागरी संस्था, कोकण किनाऱ्यावरील

खानावळी, उपाहारगृहे, हातगाड्या, घरगुती पदार्थांची विक्री आणि त्यांना माल पुरविणारे मासळीबाजार यांना कोकण किनाऱ्यावरील नगरपरिषदा व नगरपंचायती जागा, पाणी, सफाई, करआकारणी आणि परवानगी यांच्याद्वारे जो आधार देतात किंवा देऊ शकतात, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. पनवेलच्या दक्षिणेस किनाऱ्यावर महानगरपालिका नाही. अलिबाग, मुरूड-जंजिरा, श्रीवर्धन, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले येथे नगरपरिषदा आणि दापोली, गुहागर, देवगड-जामसंडे येथे नगरपंचायती आहेत. त्यांचा कारभार १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाखाली चालतो.

खानावळीचा उगम : पैसे देऊन शिजवलेले अन्न खाण्याची सोय किनाऱ्यावरील गावांत केव्हा सुरू झाली, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार ही मुंबईहून परत आलेली रीत आहे. गिरण्यांत काम करणारे कोकणी पुरुष गिरणगावात खानावळवाल्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. गावी परतलेल्या कुटुंबांनी तोच धंदा तालुक्याच्या गावी मांडला, असे हे मत सांगते. दुसऱ्या मतानुसार तिचे मूळ बंदरांत आहे. आगबोटी दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशा बंदरांत थांबत. उतारूंना पडावाची (ने-आण करणाऱ्या होडीची) किंवा पुढच्या बैलगाडीची वाट पाहत तासन्‌तास काढावे लागत, आणि त्यांच्यासाठी बंदराजवळ चहा, भजी व पुढे ताटभर जेवण मिळू लागले. तिसरे मत कचेरीच्या गावांवर भर देते. तारखेसाठी आलेल्या पक्षकाराला मुक्काम पडे. धर्मशाळेत चूल मिळे, पण शिधा आणून स्वतः रांधावे लागे. ही तिन्ही कारणे एकमेकांना छेद देत नाहीत. तरीही मुंबईची खानावळ महिनेवारीची आणि किनाऱ्यावरची बहुधा एका जेवणाची, हा फरक पाहता बंदर व कचेरी यांकडे झुकणारे मत अधिक ग्राह्य वाटते. काळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या फार मागे नेता येत नाही.

कोण कोणाच्या हातचे खाणार, हा प्रश्न या उगमापासून वेगळा काढता येत नाही. शिजवलेल्या अन्नाची विक्री उशिरा वाढली, याचे एक मोठे कारण जातिनिर्बंध हे होते. रत्नागिरीत १९३३ मध्ये वि. दा. सावरकर यांच्या पुढाकाराने सर्व जातींच्या हिंदूंसाठी उपाहारगृह निघाले. तो खाजगी पुढाकार होता. नागरी संस्थेचा या प्रश्नाशी थेट संबंध महाडला आला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याविषयीच्या मुंबई विधिमंडळाच्या १९२३ च्या बोले ठरावाला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी तेथे पाणी घेतल्यानंतर, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. सार्वजनिक पाण्यावर अधिकार असलेली संस्था काय देऊ शकते आणि काय हिरावून घेऊ शकते, याचा हा किनारपट्टीच्या इतिहासातील सर्वांत ठसठशीत दाखला होय. संविधानाच्या अनुच्छेद १५ ने पुढे दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व तळी यांच्या वापरातील भेदभावाला मनाई केली.

अधिकारांचे स्थलांतर : १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याच्या काळात खाद्यपदार्थांच्या परवान्यांत स्थानिक संस्थांना स्थान होते. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला आणि परवाना व नोंदणी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे एकवटली. २०११ च्या नियमावलीने वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असलेल्या व्यावसायिकाला वर्षाला १०० रुपये शुल्काची साधी नोंदणी आणि त्यावरील उलाढालीला परवाना अशी विभागणी केली. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरेसे ठरवले. त्यामुळे नगरपरिषदेच्या हातातील परवान्याचे महत्त्व घटले. जागा, गाळा, नळ, गटार, कचरा, घरपट्टी ही साधने मात्र तिच्याकडेच राहिली, आणि छोट्या खानावळीचे बरेवाईट बव्हंशी त्यांवरच ठरते. घरात चालणाऱ्या खानावळीला व्यापारी दराने घरपट्टी व पाणीपट्टी लागली, तर हंगामाबाहेरच्या महिन्यांत ती चालविणे परवडत नाही.

हातगाड्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा लागू आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांत एकतृतीयांश महिला असाव्यात, अशी तरतूद आहे. विक्रेत्यांना सामावून घेण्याचे प्रमाण लोकसंख्येच्या अडीच टक्के असे धरले आहे. मालवण किंवा वेंगुर्ल्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार वीस हजारांच्या आत भरते. म्हणजे हा आकडा पाचशेच्या आत येतो. मे महिन्यात किंवा नाताळात गावात असणारी माणसे या हिशेबात येत नाहीत. हंगामी विक्रेत्यांसाठी वेगळी जागा आखणे म्हणूनच किनाऱ्यावरील समितीचे पहिले काम ठरायला हवे.

मासळीबाजार, पाणी व कचरा : मासळीबाजार हा खानावळीचा खरा पुरवठादार. ओटे, बर्फ, वाहते पाणी आणि सांडपाण्याचा निचरा असेल, तर सकाळी घेतलेला बांगडा दुपारच्या ताटापर्यंत टिकतो. वेंगुर्ले नगरपरिषदेची सागररत्न मत्स्यबाजारपेठ हे या दिशेचे अलीकडचे उदाहरण. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ताज्या समुद्री मासळीचा पुरवठा आटतो आणि ताट खाडीची मासळी, सुकट, कोंबडी-वडे व घावणे यांवर येते.

पाण्याची अडचण उलट्या बाजूची आहे. पर्यटकांची गर्दी एप्रिल-मे महिन्यांत, आणि विहिरी तळाला जाण्याचा किंवा मचूळ होण्याचा काळही तोच. टँकरचे पाणी विकत घेणाऱ्या खानावळीचा नफा तेथेच जातो.

कचऱ्याच्या बाबतीत वेंगुर्ल्याचा प्रयोग राज्यभर गाजला. ओला-सुका इतक्यावर न थांबता अनेक प्रकारांत वर्गीकरण, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस व वीज, आणि जुन्या कचराभूमीचे ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळा’त रूपांतर, ही त्याची अंगे. मासळीच्या खानावळीचा कचरा शाकाहारी उपाहारगृहापेक्षा वेगळा असतो. खवले, आतडी आणि सोलकढीसाठी पिळलेल्या खोबऱ्याचा चोथा बायोगॅस संयंत्रात जिरतो. तिसऱ्या (शिंपल्यांतील मासळी) यांच्या शिंपल्या व नारळाच्या करवंट्या जिरत नाहीत आणि संयंत्राच्या तळाशी साचतात. त्या स्वयंपाकघरातच वेगळ्या डब्यात पडल्या पाहिजेत, आणि तो डबा रोज उचलला गेला पाहिजे. एक दिवसाचा खाडा पडला तरी दमट हवेत वास सुटतो आणि गिऱ्हाईक पाठ फिरवते. कोणत्याही महोत्सवापेक्षा ही रोजची उचल खानावळीच्या अधिक उपयोगाची आहे.

हद्दीचा प्रश्न : सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. राज्याने २०२० मध्ये चौपाटी-कुटी (किनाऱ्यावरील तात्पुरत्या खाद्यगृहांचे) धोरण मंजूर केले. त्यात वरसोली, दिवेआगर, गुहागर, आरे-वारे, कुणकेश्वर, तारकर्ली, केळवे व बोर्डी हे आठ किनारे प्रथम निवडले गेले आणि ८० टक्के कुट्या स्थानिकांना राखल्या गेल्या. यांपैकी गुहागर नगरपंचायतीचे गाव आहे. इतर बहुतेक किनारे ग्रामपंचायतींकडे मोडतात. पर्यटक तारकर्लीला उतरतो आणि बाजार मालवणात असतो. कर एकीकडे, कचरा दुसरीकडे. त्यात सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या १९९१, २०११ व २०१९ च्या अधिसूचनांमुळे भरतीरेषेलगत पक्के बांधकाम मर्यादित आहे.

आपत्ती : निसर्ग चक्रीवादळ (३ जून २०२०) श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकले. २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. शीतपेट्या, भट्ट्या व कोठारातील माल गेला. चिपळूण नदीकाठी असून खाडीच्या मुखापासून आत आहे, तरी भरतीच्या वेळी पाणी उतरण्यास विलंब लागतो.