फिक्स्ड ब्रिज की फ्लोटिंग? तारा काढण्याआधी बघा

इलेक्ट्रिक गिटारच्या सगळ्या तारा एकदम काढायच्या की एकेक बदलायची, यावर वाद घालणारे बहुतेक वेळा दोन निराळ्या ब्रिजबद्दल (बॉडीवरचा, तारा जिथे टेकतात तो भाग) बोलत असतात.

फिक्स्ड ब्रिज हलत नाही. सहाही तारा खुशाल काढा, फ्रेटबोर्ड (बोटांनी तारा दाबायची पट्टी) पुसून घ्या. तेवढ्यात नेक, म्हणजे गिटारची मान, वाकेल ही भीती फुकाची. फक्त लेस पॉलसारख्या गिटारवर ब्रिज आणि टेलपीस (तारांची टोकं अडकवायची पट्टी) बरेचदा तारांच्या ताणामुळेच जागेवर राहतात. तारा निघाल्या की ते सुटून पॉलिशवर आदळू शकतात.

फ्लोटिंग ब्रिज मात्र कायम रस्सीखेचीत असतो. एकीकडून तारा ओढतात, दुसरीकडून गिटारच्या पोटातल्या स्प्रिंगा. एक तार सैल केली की स्प्रिंगांचं पारडं जड होतं, ब्रिज मागे झुकतो आणि उरलेल्या पाच तारांचा सूर चढतो. नवी तार सुरात आणली की उलटं, बाकीच्या उतरतात. म्हणून इथे एकेक तार बदलणंच बरं, आणि नंतर सहाही तारांवरून सूर जुळवण्याच्या तीन-चार फेऱ्या मारायची तयारी हवी. सगळ्या काढायच्याच असतील तर ब्रिजच्या मागच्या कडेखाली कापडाची जाड घडी सरकवा.

त्यात फ्लॉइड रोझ (तारा दोन्ही टोकांना आवळून धरणारा फ्लोटिंग ब्रिज) असेल तर काम आणखी वाढतं. आधी नटवरचे (नेकच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) क्लॅम्प सैल करायचे, नव्या तारेचं गोळीचं टोक कापून ती ब्रिजवरच्या सॅडलमध्ये (प्रत्येक तारेचा आधार) आवळायची, सूर बारीक जुळवायचे ब्रिजवरचे स्क्रू, म्हणजे फाइन ट्यूनर, मधोमध ठेवायचे. तारा हाताने ताणून, पुन्हा सुरात लावून, मगच नट लॉक करायचा. घाईने आधीच लॉक केलात तर नेकच्या टोकाच्या खुंट्या कितीही पिळा, सूर जागचा हलत नाही.

आपला ब्रिज कोणता, हे ब्रिज हलवून सूर वरखाली करायच्या नुसत्या दांडीवरून ठरवू नका. 1954 साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा ट्रेमोलो (दांडीने हलणारा ब्रिज) स्प्रिंगा घट्ट करून बॉडीला टेकवलेलाही असतो. मग दांडीने सूर फक्त खाली जातो, आणि तारा बदलताना तो जवळजवळ फिक्स्डसारखाच वागतो. दांडी हलकेच वर ओढा. सूर चढला तर ब्रिज फ्लोटिंग.

9 चा सेट काढून 10 चा, म्हणजे जाड तारांचा, लावताना हा फरक सर्वाधिक जाणवतो. फिक्स्डवर इंटोनेशन (फ्रेटबोर्डभर सूर बरोबर लागतो का ते) आणि नेकचा बाक तपासला की बहुधा भागतं. फ्लोटिंगवर वाढलेल्या ताणाने ब्रिज पुढे कलतो, तारा फ्रेटबोर्डपासून उंच जातात. तेव्हा मागचं झाकण उघडून स्प्रिंगांचे दोन स्क्रू थोडे थोडे आवळत, दर वेळी पुन्हा सुरात लावत, ब्रिज समतल करावा लागतो.