फोर बाय फोर की ऑल व्हील ड्राइव्ह?

पावसाळा तोंडावर आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. आठवडाभर घोडबंदर रोडने ऑफिस, सुट्टीला मुरबाड-शहापूरकडचे कच्चे रस्ते, तर गाडी कोणती घेऊ? पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "ऑल व्हील ड्राइव्हवाली बघून ठेवलीये, म्हणजे फोर बाय फोरच ना?"

नाही. इंजिनाची ताकद दोन्हींत चारही चाकांपर्यंत जाते, पण जाण्याची तऱ्हा वेगळी. आणि गाडी चिखलात पोटावर टेकल्यावर हा फरक कळून काही उपयोग नसतो.

थार फोर बाय फोर किंवा जिम्नी घ्या. एरवी ही मागच्या चाकांवर चालते. गिअरशेजारी आणखी एक छोटा दांडा असतो: टू एच (दोन चाकं, नेहमीचा वेग), फोर एच (चार चाकं, नेहमीचा वेग), फोर एल (चार चाकं, कमी वेग, जास्त जोर). फोर एच लावलं की पुढची आणि मागची बाजू एकमेकींना घट्ट जखडली जाते. वळताना मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा मोठा फेरा पडतो. चिखलात चाक जरा घसरतं आणि हा ताण मोकळा होतो. कोरड्या रस्त्यावर तो जाणार कुठे?

एकदा भर पावसात परतताना माझा दांडा फोर एचवरच राहिला. सोसायटीच्या तळघरात, कोरड्या फरशीवर, पार्किंगसाठी स्टिअरिंग पूर्ण वळवलं तर ते दगडासारखं जड. गाडी अडखळत पुढे सरकली, टायर करकरले. दांडा टू एचला ओढला, तरी लगेच सुटेना. सरळ रेषेत थोडी मागे घेतली, तेव्हा खालून 'ठक्' आवाज आला आणि स्टिअरिंग हलकं झालं. हे वारंवार झालं तर ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीची, वाट लागते.

ऑल व्हील ड्राइव्हमध्ये ही काळजीच नाही. ग्रँड विटारा ऑलग्रिप किंवा हायरायडरमध्ये ताकद मुख्यतः पुढच्या चाकांना मिळते. ती घसरू लागली की मागच्या चाकांना जोडणारा एक वेगळा क्लच (पायाखालचा नव्हे) आपणहून मागे ताकद पाठवतो. ओला माळशेज, खडी, शेताकडची निसरडी वाट, इथे ही गाडी सुरेख चालते आणि चालवणाऱ्याला काही करावं लागत नाही. पण खोल चिखलात चाकं बराच वेळ नुसती फिरत राहिली तर तो क्लच तापतो आणि स्वतःला वाचवायला मागची ताकद काढून घेतो.

खरा फरक मात्र लो रेंजचा, म्हणजे फोर एलचा. जिम्नीत त्याने वेग निम्मा होतो आणि चाकावरचा जोर दुप्पट. थारमध्ये हेच प्रमाण साधारण अडीचपट आहे. मोठ्या दगडांच्या चढावर क्लच न जाळता गाडी मुंगीसारखी चढते. उतारावर तर पहिल्या गिअरमध्ये ब्रेकला फारसा हात न लावता इंजिनच तिला धरून ठेवतं. ओल्या उतारावर ब्रेक दाबून चाकं लॉक होण्याची भीती ज्याने अनुभवली आहे, त्याला याची किंमत कळेल. नावावर मात्र जाऊ नका: जीप कंपासवर फोर बाय फोर लिहिलेलं असतं, पण तिच्यात वेगळी लो रेंज नाही, पहिलाच गिअर खूप छोटा ठेवलाय.

आता रोजचा प्रवास. जिम्नी लॅडर फ्रेमची, म्हणजे शिडीसारख्या सांगाड्यावर बसवलेली, आणि दोन्ही अ‍ॅक्सल अखंड. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्या बाजूलाही हेलकावा जातो. मागे बसलेल्याला तो जास्त जाणवतो. मोनोकॉक बांधणीची (बॉडी हाच सांगाडा) ग्रँड विटारा इथे सरळ पुढे आहे. आणि ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाची जमिनीपासूनची उंची, दोघींचा २१० मिलिमीटरच! पण जिम्नीचं नाक आखूड, नाक न टेकता चढता येणारा पुढचा कोन ३६ अंशांचा, म्हणून बांधावर चढताना बंपर घासत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. वाट मातीची, गवताची, शेतघरापर्यंतची असेल तर ऑल व्हील ड्राइव्ह घ्या. दगड, ओढे आणि खडे चढ महिन्यातून एकदा तरी होणार असतील तरच लो रेंजसाठी रोजचे हादरे सोसा. (ठाण्याचं येऊर यात धरू नका, ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, ट्रॅक नव्हे.)

टेस्ट ड्राइव्ह शोरूमजवळच्या गुळगुळीत रस्त्यावर उरकू नका. आईवडिलांना मागे बसवा, गायमुखच्या घाटातून संध्याकाळच्या कोंडीत न्या आणि उतरल्यावर आधी त्यांना विचारा, कंबर कशी आहे.