पिवळे पडलेले सहा नमुने

शिबिरातून आलेल्या रक्ताच्या पिशव्या रक्तपेढीत आधी वेगळ्या कप्प्यात ठेवतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाचही तपासण्यांचे रिपोर्ट चांगले आले, तरच पिशवी रुग्णाकडे जाते. १९८५ च्या आधी यातली एचआयव्हीची तपासणी अस्तित्वातच नव्हती.

मार्च १९८५ मध्ये अमेरिकेत एचआयव्हीसाठीच्या ‘एलायझा’ या रक्तचाचणीच्या पहिल्या किटला परवाना मिळाला. गंमत म्हणजे ती चाचणी रोगनिदानासाठी नव्हती, दान केलेलं रक्त गाळून घेण्यासाठी होती.

आपल्याकडे तेव्हा ‘एड्स इथं नाहीच’ असाच समज होता. मद्रास मेडिकल कॉलेजातल्या डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या) यांनी निर्मला या आपल्या विद्यार्थिनीला इथं एचआयव्ही आहे का याचा शोध घ्यायला सांगितलं. निर्मला यांनी वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचे रक्तनमुने जमवले, चक्क घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये बर्फाच्या डब्यातून रात्रीच्या गाडीनं वेल्लोरला नेले. तिथं चाचणीत सहा नमुने पिवळे पडले, म्हणजे एचआयव्हीची लागण दिसली.

१९८९ मध्ये रक्ताच्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही चाचणी सक्तीची झाली. पण रक्त विकून पोट भरणारे धंदेवाईक दाते होतेच. ‘कॉमन कॉज’ या स्वयंसेवी संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ४ जानेवारी १९९६ ला निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताच्या विक्रीवर बंदी आली. माझ्या मते रक्त सुरक्षित होण्यात या निकालाचा वाटा किटइतकाच मोठा आहे.

कारण चाचणीलाही आंधळे दिवस असतात. एलायझा मुळात विषाणू शोधत नाही, शरीरानं त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. ती तयार होईपर्यंत रिपोर्ट निगेटिव्हच येतो आणि रक्तातून लागण मात्र होऊ शकते. सुरुवातीच्या किटना हा विंडो पीरियड दीड-दोन महिन्यांचा होता, पुढच्या किटनी तो तीन आठवड्यांवर आणला. विषाणूचं जनुकीय द्रव्यच हुडकणारी ‘नॅट’ चाचणी तो दहा-बारा दिवसांवर आणते, पण ती महाग आहे आणि सगळ्या रक्तपेढ्यांत होत नाही.

उरलेल्या दिवसांसाठी आहे तो शिबिरातला फॉर्म. त्यावरचे खासगी प्रश्न त्यासाठीच असतात. मागची रांग आणि पुढचा चहा-बिस्किटांचा ट्रे बघत आपण त्या प्रश्नांपुढे भराभर ‘नाही’वर खुणा करतो.